स्नायूंचं यंत्र एकच, मग प्रकार तीन का?

प्रश्न जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा आहे. "स्नायूंच्या तीन प्रकारांचा तक्ता पाठ झालाय. पण तिन्हींमध्ये ॲक्टिन आणि मायोसिनच असेल, तर मुळात तीन प्रकार कशाला? आणि ट्रोपोनिन हातापायांच्या स्नायूंतही असतं म्हणतात, मग ट्रोपोनिनची टेस्ट हार्ट अटॅकचीच कशी काय?"

तक्ता पाठ करून हे दोन प्रश्न पडले असतील, तर तक्त्याने त्याचं काम केलं म्हणायचं. तीन प्रकार म्हणजे हातापायांचे ऐच्छिक (पट्टकी), हृदयाचे, आणि रक्तवाहिन्या-आतड्यांसारख्या अवयवांतले अपट्टकी. उत्तर आधी एका ओळीत देतो: आकुंचनाचं यंत्र तिन्हींत एकच आहे, ते चालू-बंद करणारा खटका मात्र प्रत्येकात वेगळा आहे. पट्टे आहेत की नाहीत, केंद्रकं किती, ऐच्छिक की अनैच्छिक, हे रकाने परीक्षेपुरते ठीक. वॉर्डात खरा उपयोग होतो तो खटका समजल्याचा, कारण ट्रॉलीवरची कितीतरी औषधं त्याच्यावरच चालतात. मी फिजिशियन आहे आणि काही वर्षं फिजिऑलॉजी शिकवलीही आहे, तेव्हा उत्तर थोडं पुस्तकातलं आणि थोडं वॉर्डातलं येईल.

आधी यंत्र बघू. ऐच्छिक, म्हणजे पट्टकी स्नायूचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आडवे गडद आणि फिके पट्टे दिसतात. एका झेड रेषेपासून पुढच्या झेड रेषेपर्यंतचा तुकडा म्हणजे सार्कोमिअर. त्याची लांबी साधारण 2 ते 2.5 मायक्रोमीटर. 10 सेंटिमीटरच्या तंतूत असे 40,000 तुकडे एकापुढे एक लागलेले असतात. प्रत्येक तुकडा जेमतेम अर्धा मायक्रोमीटर आखडला तरी सगळा तंतू 2 सेंटिमीटरने आखडतो. तुम्ही कोपर वाकवता तेव्हा दंडात हेच चाललेलं असतं.

या तुकड्यात दोन जातींचे धागे. मधोमध मायोसिनचा जाड धागा. त्यात सुमारे 300 मायोसिन रेणू, प्रत्येकाला दोन डोकी, आणि ही डोकी धाग्याच्या बाहेर निघालेली. दोन्हीकडच्या झेड रेषांत रोवलेले बारीक धागे ॲक्टिनचे. मायोसिनचं डोकं ॲक्टिनला धरतं, मान वाकवून त्याला मध्याकडे ओढतं, सोडतं आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा धरतं. एका ओढीत धागा फार तर 10 नॅनोमीटर सरकतो. धागे स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. हे 1954 साली 'नेचर'च्या एकाच अंकात लागोपाठ छापलेल्या दोन निबंधांतून पुढे आलं. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. (दोन्ही हक्सली एकमेकांचे कोणी लागत नाहीत.) पुरावा बघायला साधा होता: स्नायू आखडताना फिका पट्टा अरुंद होतो, गडद पट्टा आहे तेवढाच राहतो. गडद पट्ट्याची रुंदी म्हणजेच मायोसिनच्या धाग्याची लांबी. ती बदलत नसेल तर धागा आखडतोय असं म्हणता येत नाही.

तिसरं नाव टायटिनचं. पुस्तकात त्याला एक ओळ मिळते, पण आपल्या शरीरातलं हे सगळ्यात मोठं प्रथिन आहे. सुमारे 34,000 अमिनो आम्लांचा एकच रेणू, झेड रेषेपासून थेट सार्कोमिअरच्या मध्यापर्यंत पोचणारा. ताणलेला स्नायू मूळ लांबीवर परत येतो आणि जाड धागा आपली मधली जागा सोडत नाही, ते याच्यामुळे. ट्रेकला जाणाऱ्यांना या रचनेची ओळख वेगळ्या मार्गाने होते. गड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आकुंचन पावत असतानाच ताणला जातो आणि त्या ओढाताणीत काही सार्कोमिअरची घडी विस्कटते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली झेड रेषा वेड्यावाकड्या झालेल्या दिसतात. "लॅक्टिक ॲसिड साचलंय" असं सगळे सांगतात, पण ते उतरल्यावर तासा-दोन तासांत निघून गेलेलं असतं. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही.

आता एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू. "एटीपीच्या ऊर्जेने स्नायू आकुंचन पावतो" हे वाक्य उत्तरपत्रिकेत बरोबर धरलं जातं, पण त्यात महत्त्वाची गोष्ट निसटते. ओढून झाल्यावर मायोसिनचं डोकं ॲक्टिनला घट्ट चिकटलेलं असतं. नवा एटीपी रेणू येऊन डोक्यात बसला तरच ते सुटतं. सुटल्यावर तो एटीपी फुटतो, त्या ऊर्जेवर डोकं पुढच्या ओढीसाठी सज्ज होतं, पुन्हा ॲक्टिनला धरतं आणि फॉस्फेट बाहेर पडताना ओढ बसते. शिवाय आकुंचनासाठी सोडलेलं कॅल्शियम परत पेशीतल्या साठ्यात भरायला पंप लागतो, तोही एटीपीवरच चालतो. सैल पडायलासुद्धा ऊर्जा लागते ती अशी.

मृत्यूनंतर नेमकं हेच दिसतं. एटीपी बनणं थांबतं, शिल्लक संपते, डोकी धरल्या जागी अडकून पडतात आणि शरीर ताठरतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तासा-दोन तासांत सुरुवात होते, साधारण 12 तासांत सर्वांग ताठ होतं, आणि पुढे प्रथिनंच मोडायला लागली की ताठरपणा उतरतो. बाहेरून तो आधी पापण्यांत, जबड्यात आणि मानेत जाणवतो. म्हणून वॉर्डात काय किंवा घरी काय, जीव गेल्यावर लगेच डोळे मिटवतात, हनुवटी बांधतात, हातपाय सरळ करून ठेवतात. उशीर झाला की जमत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचा पुरावाही यातच आहे. शवविच्छेदनात हृदयाचा स्नायूसुद्धा ताठरलेला सापडतो, तोही लवकर. आणि कातडीवर कधी कधी काटा आल्यासारखं दिसतं, ते केसांच्या मुळाशी असलेल्या बारीक अपट्टकी स्नायूंच्या ताठरण्यामुळे. तिन्ही प्रकार सारखेच अडकतात, कारण तिन्हींत ओढणारं आणि सोडणारं यंत्र तेच.

स्वयंपाकघरातली एक गोष्ट सांगायचा मोह होतो. जून मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईचा तुकडा लावतात ना, त्यातलं पपेन हे प्रथिनं तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम. प्रयोगशाळेत मायोसिनची डोकी शेपटीपासून छाटायला हेच पपेन वापरत. अशी सुटी केलेली डोकीही एटीपी फोडतात आणि ॲक्टिनला धरतात, म्हणजे सगळी करामत डोक्यातच आहे, हे त्यातून पक्कं झालं.

आता खटके. ऐच्छिक स्नायूत ॲक्टिनच्या धाग्यावर ट्रोपोमायोसिन नावाचं लांबट प्रथिन असं पडलेलं असतं की मायोसिनला पकडायची जागाच मोकळी राहत नाही. एक ट्रोपोमायोसिन सात ॲक्टिन रेणूंवर पसरतं. त्याच्यावर ट्रोपोनिनचं त्रिकूट बसलेलं असतं: टी त्याला ट्रोपोमायोसिनशी बांधतं, आय आकुंचन रोखून धरतं, सी कॅल्शियम पकडतं. विश्रांतीत पेशीतलं मोकळं कॅल्शियम 0.1 मायक्रोमोलरच्या आसपास असतं. ते दहापट किंवा त्याहून जास्त वाढलं की ट्रोपोनिन सी भरतं, आयची पकड सुटते, ट्रोपोमायोसिन बाजूला सरकतं आणि मायोसिनला रस्ता मिळतो. ट्रोपोनिनचा शोध जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी 1960 च्या दशकात लावला.

हे कॅल्शियम येतं कुठून, यावर पुढचं सगळं ठरतं. ऐच्छिक स्नायूत मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन सुटतं, पेशीच्या आवरणावर विद्युतलहर उठते, ती आवरणाच्या नळ्यांतून आत उतरते, आणि तिथलं एक प्रथिन पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्याचं दार थेट ओढून उघडतं. बाहेरून कॅल्शियम आत यावं लागत नाही. मज्जातंतूचा हुकूम मात्र लागतोच लागतो.

हुकूम तुटला की काय होतं ते ग्रामीण भागात काम करणाऱ्याला मण्यार शिकवते. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, सूज नाही, दुखणं नसल्यात जमा. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, घोट गिळता येत नाही, मान धरता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. विष मज्जातंतूच्या टोकावरच घाव घालतं. रुग्ण व्हेंटिलेटरवर, बोट हलवता येत नाही, आणि मॉनिटरवर हृदय चालू. स्नायूत काहीच बिघडलेलं नसतं, ॲक्टिन, मायोसिन, कॅल्शियम, एटीपी सगळं जागच्या जागी असतं, फक्त हुकूम येत नाही. मज्जातंतूची टोकं पुन्हा वाढेपर्यंत श्वास देत राहिलं तर माणूस उठून घरी जातो. नातेवाइकांना हे नीट समजावून सांगावं लागतं, कारण "काहीच हलत नाही, आता कशाला ठेवता" असा सूर फार लवकर लागतो.

याच जागेवर चालणारी आणखी एक गोष्ट तुम्हाला लेबर रूममध्ये रोज भेटेल. एक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून झटके येतात तेव्हा, मॅग्नेशियम सल्फेट देताना पुढच्या डोसआधी गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वासाचा वेग आणि लघवीचं प्रमाण बघायला सांगतात. मॅग्नेशियम मज्जातंतूच्या टोकात शिरणाऱ्या कॅल्शियमला अडवतं, मग ॲसिटिलकोलिन कमी सुटतं. रिफ्लेक्स गेला म्हणजे श्वासाच्या स्नायूंची पाळी जवळ आली. म्हणून शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेट भरून ठेवायचं.

हृदयाचा खटका ट्रोपोनिनचाच, पण कॅल्शियमची वाट वेगळी. इथे प्रत्येक ठोक्याला थोडं कॅल्शियम बाहेरून पेशीत शिरतं आणि ते साठ्यातलं बाकीचं कॅल्शियम सोडवतं. बाहेर कॅल्शियम नसेल तर ठोका नाही. लंडनमध्ये सिडनी रिंगर यांना 1880 च्या दशकात हे जवळजवळ अपघाताने कळलं. बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात ठेवलेलं, छान चालू होतं. पुढे द्रावण डिस्टिल्ड पाण्यात केलं तर थोड्याच वेळात ते थांबलं. आधीचं द्रावण नळाच्या पाण्यात केलेलं होतं आणि त्या पाण्यात कॅल्शियम होतं. सलाइनच्या स्टँडवर लटकणाऱ्या आरएलमधला (रिंगर लॅक्टेटमधला) आर तो हाच रिंगर. आरएलमध्ये आजही कॅल्शियम असतं, म्हणून ती आणि रक्ताची पिशवी एकाच लाइनमधून देत नाहीत. पिशवीतलं सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं म्हणूनच ते रक्त गोठत नाही, आणि आरएलमधून आणखी कॅल्शियम मिळालं तर नळीत गुठळी होऊ शकते.

हृदयाच्या पेशी एकमेकींना छोट्या छिद्रांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे लहर एकीतून दुसरीत सहज जाते. एकदा आकुंचन झालं की सुमारे पाव सेकंद पेशी दुसरा हुकूम ऐकत नाही. हाताला पेटका येऊन तो आखडलेला राहू शकतो, हृदयाला तसा पेटका येत नाही तो या पाव सेकंदामुळे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ट्रोपोनिन दोन्हीकडे असतं, पण ते तंतोतंत एकच नसतं. हृदयातलं ट्रोपोनिन आय वेगळ्या जनुकावरून बनतं आणि त्याच्या सुरुवातीला सुमारे 30 अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असतो. तो शोभेला नाही. ॲड्रेनलिनमुळे तिथे फॉस्फेट जोडलं जातं आणि कॅल्शियम लवकर सुटतं, म्हणजे धावताना ठोके वाढले तरी दोन ठोक्यांमध्ये हृदयाला सैल पडून भरायला वेळ मिळतो. ट्रोपोनिन टीचंही हृदयाचं रूप निराळं. टेस्टमधल्या अँटिबॉडी हीच रूपं ओळखतात. गंमत म्हणजे ट्रोपोनिन सीची टेस्ट नसते, कारण हृदयातलं सी आणि पायातल्या मंद, चिवट तंतूंतलं सी हे एकच आहे. त्यावरून दुखणं छातीतलं की पोटरीतलं, काही कळलं नसतं. स्नायूंतलं एक विकर मोजणारी जुनी सीपीके टेस्ट इथेच फसायची. दंडात इंजेक्शन दिलं तरी ती वाढायची.

पण "ट्रोपोनिन पॉझिटिव्ह म्हणजे अटॅक" हेही डोक्यातून काढा. ट्रोपोनिन एवढंच सांगतं की हृदयाच्या पेशींना इजा झाली. ती गुठळीने झाली, मायोकार्डायटिसने (हृदयाच्या स्नायूला आलेल्या सुजेने) झाली, सेप्सिसने (शरीरभर भिनलेल्या जंतुसंसर्गाने) झाली की फुप्फुसात गुठळी गेल्याने, हे त्याला सांगता येत नाही. किडनीच्या जुन्या रुग्णांत ते कायमच थोडं वर असू शकतं. स्नायूंच्या काही दुर्धर आजारांत हृदयाचं ट्रोपोनिन टी हातापायांच्या स्नायूंतूनही रक्तात येतं, तेव्हा आय तपासून खात्री करतात. आणि छातीत दुखायला लागल्याबरोबर घेतलेला नमुना निगेटिव्ह येऊ शकतो, कारण फुटलेल्या पेशींतून ते रक्तात यायला वेळ लागतो. म्हणून काही तासांनी दुसरा नमुना. आकडा चढतोय की तिथेच आहे, यावर खरा निर्णय होतो. पहिला निगेटिव्ह बघून घरी जायला निघालेल्या रुग्णाला थांबवण्याचं काम बहुतेक वेळा सिस्टरच्याच वाट्याला येतं.

तिसरा प्रकार अपट्टकी, आम्ही सगळे स्मूथ मसलच म्हणतो. रक्तवाहिन्या, आतडी, श्वासनलिका, गर्भाशय, मूत्राशय. इथे ट्रोपोनिन नाहीच. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला धरतं, ती जोडी एका विकराला जागं करते आणि ते विकर थेट मायोसिनवर फॉस्फेट चढवतं. तेव्हा कुठे मायोसिन कामाला लागतं. म्हणजे वरच्या दोन प्रकारांत खटका ॲक्टिनच्या धाग्यावर होता, इथे तो मायोसिनवर आहे. सगळं संथ चालतं, पण एकदा आवळलं की फार कमी एटीपीवर तासन्‌तास आवळून धरता येतं. रक्तवाहिन्यांना आयुष्यभर हेच करायचं असतं.

बाळंतपणानंतर गर्भाशय टणक लागतंय का, हे पोटावर हात ठेवून तुम्ही बघाल तेव्हा हाच खटका तुमच्या हाताखाली असेल. वार सुटल्यावर उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या गर्भाशयाचे आडवेतिडवे तंतू आवळून बंद करतात. तंतू ढिले राहिले की रक्त थांबत नाही. ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन देतात ते पेशीतलं कॅल्शियम वाढवून हे आवळणं घडवायला.

उलट दिशेचं उदाहरण कोकणातलं. लाल विंचू चावला की शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्यांचे स्मूथ मसल आवळतात, हातपाय थंड पडतात, दरदरून घाम सुटतो, बीपी चढतं, हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात यावर प्राझोसिन वापरायला सुरुवात केली. हे मुळात रक्तदाबाचं औषध, रक्तवाहिन्यांना आवळण्याचा निरोप जिथे पोचतो ती जागाच ते अडवतं. मण्यार आणि विंचू शेजारी ठेवून बघा. एकीने ऐच्छिक स्नायूंचा हुकूम तोडला, दुसऱ्याने रक्तवाहिन्यांना आणि हृदयाला नको इतका हुकूम दिला.

बीपीसाठी अमलोडिपिन घेणाऱ्यांचा ओपीडीत हमखास येणारा प्रश्न: "डॉक्टर, अमलोडिपिन कॅल्शियम अडवतं म्हणता, मग हातापायातली ताकद नाही का जाणार?" नाही जाणार, आणि का ते आता तुम्हीच सांगू शकाल. ते बाहेरून पेशीत शिरणारं कॅल्शियम अडवतं. रक्तवाहिन्यांना ते लागतं, म्हणून त्या सैलावतात. ऐच्छिक स्नायू घरच्या साठ्यावर चालतो, त्याला फरक पडत नाही. हृदयाला फरक पडू शकतो, पण अमलोडिपिनचा ओढा रक्तवाहिन्यांकडे जास्त. त्याच कुळातलं व्हेरापामिल मात्र हृदयावर चांगलंच काम करतं, म्हणून ते हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकरबरोबर लिहिलेलं दिसलं तर डॉक्टरांना एकदा विचारा.

इथवरची सगळी औषधं खटक्यावर किंवा खटक्यापर्यंतच्या वाटेवर चालणारी. यंत्रालाच हात घालणारं औषध अलीकडचं आहे. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. बऱ्याच रुग्णांत दोष मायोसिनच्या किंवा मायोसिनला बांधणाऱ्या 'प्रोटीन सी'च्या जनुकात सापडतो. या दुसऱ्या जनुकातून 25 अक्षरं गळालेली असण्याचं प्रमाण भारतीय उपखंडात सुमारे 4 टक्के आहे, असं 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर काम करणाऱ्या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात होते. हा बदल असलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही, बहुतेकांना होत नाही. पण घरात तरुण वयात अचानक मृत्यू झाल्याची हकीकत कोणी सांगितली, तर ती केसपेपरवर लिहून ठेवा. या आजारात मायोसिनची नको इतकी डोकी एकाच वेळी ओढत असतात. मॅव्हाकॅम्टेन हे औषध त्यातली काही डोकी कामावरून बाजूला ठेवतं. अमेरिकेत त्याला 2022 मध्ये मान्यता मिळाली, तीही जाड स्नायूमुळे रक्ताची वाट अडणाऱ्या रुग्णांसाठी. थेट ओढच कमी होत असल्याने डोस जरा जास्त झाला तर हृदय कमकुवत पडतं, म्हणून हे औषध चालू असेपर्यंत ठरावीक अंतराने इको करावाच लागतो.